मी वुली ड्रायबरोचा विचारणारा

आपल्या मराठी मंडळाच्या संपादकांचा फोन आला. "अंकात एक यशोगाथा हवीय. तुम्ही आयटी सोडून स्टेजवर गेलात, लोकांना इन्स्पिरेशन मिळेल." मी म्हटलं, यशोगाथावाले आपल्या मंडळात ढिगाने आहेत, दर दोन घरांआड एखाद्या कंपनीचा डायरेक्टर राहतो. मी भीतीबद्दल लिहितो. बावीस वर्षं मी पोटापाण्यासाठी घाबरलेलो आहे, आणि या विषयात इथे मॅसॅच्युसेट्सच्या श्रूजबरीत माझा हात धरणारं कोणी नाही.

पुरावा हवा असेल तर आमच्या गाडीची डिकी उघडा. तिथे दह्याचा पाच पौंडी रिकामा डबा कायम असतो. तुमच्याकडेही असे डबे असतात, तुम्ही त्यांत तूरडाळ ठेवता. मी प्रत्येक प्रयोगाआधी त्यात ओकतो, झाकण लावतो, तोंड धुतो, बो टाय सरळ करतो आणि हसतमुखाने स्टेजवर जातो. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यावर काळ्या मार्करने भली मोठी फुली मारलीय. "हा डबा एकदा जरी माझ्या स्वयंपाकघरात आला ना, तर तू आणि डबा दोघंही गराजमध्ये झोपाल."

आता धंदा सांगतो.

वुली ड्रायबरो ग्लासगोचा. विल्यमचं त्यांच्याकडे वुली होतं. स्कॉटलंडमध्ये म्युझिक हॉल नावाचा प्रकार होता: एकाच तिकिटात गाणं, नाच, जादू, शहाणी कुत्री आणि विनोदी माणसं. आपल्या तमाशातली बतावणी आठवा, म्हणजे यातला विनोदी माणूस लगेच ओळखीचा वाटेल. कमरेला गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा किल्ट, तिरकी टोपी, हातात वाकडी काठी. एक गाणं, चार थापा, पुन्हा गाणं. वुली स्टेजवर आला तेव्हा ते जग मोडकळीला आलं होतं. तिथले प्रेक्षक गोदीतून सुटून थेट थिएटरात यायचे आणि विनोद आवडला नाही तर खिशातला बोल्ट फेकून मारायचे. वुलीच्या कपाळावर डाव्या बाजूला खूण होती. ती दाखवून तो म्हणायचा, "हा माझा समीक्षक." पुढे एका फिरत्या कंपनीबरोबर तो बॉस्टनला आला, तिकीटखिडकीवरच्या पेगीच्या प्रेमात पडला आणि मॅसॅच्युसेट्समध्येच राहिला.

वयाने तो माझ्या वडिलांएवढा. तरी त्याला अहो-जाहो करावंसं मला कधी वाटलं नाही, आणि केलं असतं तर त्याने मागे वळून पाहिलं असतं की हा कोणाशी बोलतोय.

जोडीच्या विनोदात एक माणूस विनोद करतो आणि दुसरा त्याला विनोद करू देतो. मी दुसरा. मी गंभीर तोंडाने प्रश्न विचारायचे आणि हशा त्याने घ्यायचा. या कामाला मी विचारणारा म्हणतो. लोकांना वाटतं सोपं आहे. विचारणाऱ्याने प्रश्न क्षणभर लवकर टाकला तर आधीचा हशा मरतो, उशिरा टाकला तर पुढचा. आणि विचारणारा स्वतः कधीही, कधीही विनोद करत नाही. नागपूरच्या माणसाला हे किती जड जात असेल याची कल्पना करा.

मला हे काम मिळालं ते सुटामुळे. मी तेव्हा नुकताच सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर इथे आलो होतो. गावच्या लायब्ररीत रविवारी कार्यक्रम आहे असं वाचलं, आणि सार्वजनिक कार्यक्रमाला कसं जायचं असतं हे घरून शिकलेलो असल्यामुळे लग्नातला सूट घालून पहिल्या रांगेत बसलो. बाकी सगळे स्वेटरमध्ये. वुलीचा जोडीदार त्या दिवशी बर्फात अडकला होता. वुली स्टेजच्या कडेला आला, काठी माझ्यावर रोखली आणि म्हणाला, "तू. सुटातला. तुला विनोद करता येतो का?"

त्याचं इंग्रजी मला एक अक्षर कळत नव्हतं. मी भीतीने "नो सर" म्हटलं.

"उत्तम. वर ये."

पुढची वीस मिनिटं तो बोलत होता, मी कागदावरचे प्रश्न वाचत होतो आणि उत्तर कळलं नाही की त्याच्या तोंडाकडे बघत होतो. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. नंतर तो मागच्या खोलीत आला, मी तेव्हा केराच्या डब्यात डोकं घालून होतो. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरतोस?"

"हो."

"ज्या दिवशी घाबरायचा थांबशील त्या दिवशी सांग. मी तुला काढून टाकीन."

पहिली काही वर्षं मी फक्त एका सँडविचवर काम केलं. माझा व्हिसा कंपनीचा, दुसरीकडे पैसे घेतले तर परत नागपूर. तरी दर प्रयोगाला मागच्या रांगेत कोणी टाय घातलेला दिसला की मला तो इमिग्रेशनचाच वाटायचा. ग्रीन कार्ड आलं, त्याच्यामागोमाग कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला, आणि मी घरी येऊन जाहीर केलं की आता फुल टाइम स्टेज. वैशाली औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, "हेल्थ इन्शुरन्स माझ्याकडून, ड्रामा तुझ्याकडून." आमची इरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिने विचारलं, "बट डॅड, व्हॉट इज युअर रिअल जॉब?"

आम्ही वृद्धांच्या निवासांत, स्कॉटिश क्लबांत, उन्हाळी जत्रांच्या तंबूंत प्रयोग केले. सर्वांत घाबरलो ते आपल्या गणेशोत्सवात. वुलीचं नाव मीच सुचवलं होतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये सुलभाकाकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "घागरा घालून बाप्पासमोर येणार हा बाप्या? आणि आत काही घालतो का तरी?"

"काकू, ते विचारायचं नसतं."

"मग तू आहेस कशाला? तू विचारणारा ना?"

शाळेचं ऑडिटोरियम भरलं होतं. पहिली पाच मिनिटं एकही हसला नाही. आपले लोक हुशार, विनोद समजला हे मान हलवून कळवतात. वुलीने मात्र पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या सुलभाकाकूंना हेरलं. खाली उतरून त्याने काठी त्यांच्या हातात दिली आणि त्याच्या भाषेत काहीतरी लांबलचक विचारलं. काकू मराठीत म्हणाल्या, "अहो, नीट उभे राहा आधी, पडाल." तो स्कॉटिशमध्ये भांडला. त्या मराठीत भांडल्या. दोघांना एकमेकांचं काही कळत नव्हतं आणि दोघं हटत नव्हते. साडेतीनशे माणसं डोळे पुसत होती. त्यानंतर दर दिवाळीला काकूंकडून "आमच्या वुलीभाऊजींना" बेसनाच्या लाडवांचा डबा जायला लागला.

वुलीचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रवेशाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. जुन्या थिएटरवाल्यांची ही श्रद्धा आहे: प्रेक्षक नसताना प्रवेश पूर्ण केला तर तो फुटतो. वुली इतर बाबतींत कशालाच मानत नसे, हे मात्र त्याने कधी मोडलं नाही. नवा प्रवेश बसवताना मी शेवटचा प्रश्न विचारायचो, तो टोपी काढायचा, म्हणायचा, "आणि इथे वुली बोलतो," आणि आम्ही चहा प्यायला जायचो. कागदावरही तेवढंच लिहिलेलं असायचं. शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकायचो ते प्रेक्षकांबरोबर. "तुझं तोंड खरं पडतं," तो म्हणायचा, "त्यातच अर्धा हशा आहे."

पेगी गेली आणि पुढच्या वर्षीपासून वुली विसरायला लागला. आधी एखादं कडवं. मग एकच थाप दोनदा. मी प्रश्न बदलून त्याला रुळावर आणायचो. तो जिथे घसरेल तिथे मी आधीच उभा असायचो. कोणाला कळलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्याइतका चांगला विचारणारा दुसरा नसेल, असं मला वाटायचं.

मोइरा, त्याची मुलगी, दूर दक्षिणेत अल्फारेटाला शाळेत शिकवते. फोनवर तिला शंका आली. तिच्या आग्रहामुळे मी वुलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, गंभीर. म्हणाला, "मिस्टर ड्रायबरो, आज वार कोणता?"

वुलीने माझ्याकडे अंगठा केला. "याला विचारा. डायरी याच्याकडे असते. मी फक्त सुंदर दिसण्याचं काम करतो."

डॉक्टर हसला. आणि मी, सवयीने, गंभीर तोंडाने म्हटलं, "मिस्टर ड्रायबरो, कालचा वार तरी सांगाल?"

"काल? काल बुधवार होता, पण मला आवडला नाही."

कालचा वार माझ्या प्रश्नातून आलेला नव्हता, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मीच नजर टाकली होती, आणि माझी नजर पकडायला वुली तरबेज होता. डॉक्टरने घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर वुलीने त्याच्याच मनगटावरचं घड्याळ काढून मागितलं. नर्स दारात येऊन हसत उभी राहिली. वीस मिनिटांत आम्ही तिथे पूर्ण प्रयोग केला. डॉक्टरने लिहिलं, वयाच्या मानाने उत्तम. पार्किंगमध्ये वुली खुशीत होता. मी गाडी सुरू केली. मला तेव्हाच कळलं होतं की मी काय केलं. तरी मोइराला मी फोनवर डॉक्टरने लिहिलेलं तेवढंच सांगितलं.

गेल्या ऑक्टोबरात मोइराचा फोन आला. "मी रविवारच्या शोला येतेय. तिसऱ्या रांगेत बसणार. तो एकदा जरी अडला तर मी त्याला अल्फारेटाला घेऊन जाणार, आणि स्टेज बंद. तू सतत म्हणतोस तो ठीक आहे. बघू दे मला."

स्टेज बंद म्हणजे वुली बंद, असं मला वाटायचं. त्याच्या घरात आता पेगी नव्हती. आठवड्यातल्या एका दुपारसाठी तो उरलेले सहा दिवस दाढी करायचा.

त्या रविवारसाठी त्याने नवा प्रवेश लिहिला होता. मी इमिग्रेशन ऑफिसर, तो नुकताच बोटीतून उतरलेला स्कॉट. मी विचारणार, फळं, भाजी, मांस काही आणलंय का? तो म्हणणार, खिशात सँडविच आहे, पण इतकं जुनं की माझ्याआधी त्यालाच ग्रीन कार्ड मिळेल. असं करत शेवटचा प्रश्न: अमेरिकेत किती दिवस राहणार? हा प्रश्न ऐकून ज्याने हातातले कागद पुन्हा कधी चाचपले नाहीत असा एक तरी वाचक या अंकाला आहे का? त्याचं उत्तर काय होतं, ते नियमाप्रमाणे मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात दोनदा मी त्याला म्हटलं, "वुली, या वेळी तेवढं सांगून ठेव. एकदाच."

तो दुखावला. "बावीस वर्षं झाली, आणि तू मला प्रवेश फोडायला सांगतोस?"

शेजारच्या वूस्टरमधल्या स्कॉटिश क्लबचा हॉल, दुपारचे दोन. मोइरा तिसऱ्या रांगेत, शेजारी लाडवांचा डबा मांडीवर घेऊन सुलभाकाकू. त्या दिवशी मला डिकीतला डबा दोनदा लागला.

वुली आत आला आणि अक्षरशः उजळला. गाणं झालं, टाळ्या. सँडविचवर हशा. काठी डाव्या हातावर अडकवलेली, पावलं बरोबर. मोइरा हसत होती. मी शिक्का उचलला आणि विचारलं, "मिस्टर ड्रायबरो, अमेरिकेत किती दिवस राहणार?"

त्याचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला.

विनोदी माणूस थांबतो तेव्हा मी मनात मोजतो. तीनपर्यंत तो थांबा असतो. चार मोठ्या कलावंताला शोभतात. सहा झाले. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मी शिक्का टेबलावर आपटला. "किती दिवस राहणार?" थोडं हसू आलं, लोकांना वाटलं ताणतोय. काठी त्याच्या हातावरून घसरून खाली पडली. ती कधीच पडत नसे. तो ओठ हलवत होता आणि त्यातून काही येत नव्हतं. इतर वेळी मला पुढचं ठाऊक असायचं, मी दुसऱ्या दारातून त्याला आत घेतलं असतं. या वेळी दारच मला ठाऊक नव्हतं. मी तिसऱ्यांदा विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हळू, काळजीपूर्वक, जसं अनोळखी गावात पत्ता विचारायला माणूस निवडतात तसं.

"तू कोण रे बाळा?"

हॉल फुटला. स्कॉटलंडहून आलेला म्हातारा नागपूरच्या ऑफिसरला विचारतोय, तू कोण! लोक उभे राहिले, टेबलं बडवायला लागले. माझं तोंड बघून आणखी हसले. एवढं खरं तोंड मी आयुष्यात केलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत विनोद नव्हता. भीती होती, आणि ती मी चांगली ओळखतो. तेवढ्या लोकांत त्या प्रश्नाचा अर्थ फक्त मला कळला होता.

मी शिक्का मारला, "वेलकम टू अमेरिका" म्हटलं, पियानोवाल्याला खूण केली आणि वुलीचा कोपर धरला. संगीत सुरू होताच त्याचं शरीर आपोआप वाकलं. नमस्कार अगदी बिनचूक.

मोइरा मागे आली ती डोळे पुसत. तिने मला मिठी मारली. "यू वेअर राइट. आय ॲम सच अ फूल. ते शेवटचं वाक्य, ते डॅडचंच ना?"

"हो," मी म्हटलं. "त्याचंच."

ती क्लबच्या लोकांशी बोलत राहिली. वुलीला मी घरी सोडायला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानं लाल झाली होती. वुली म्हणाला, "आजचा तो विचारणारा बरा होता. नवीन दिसतो. छान घाबरतो. त्याला ठेवून घ्या."

मी "बरं" म्हटलं.

घरी येऊन मी वैशालीला सगळं सांगितलं. वर हेही म्हटलं की शो तर पास झाला, आता निदान ख्रिसमसपर्यंत निभेल. ती भांडी लावत होती. "आणि त्याने गॅस चालू ठेवला तर? तिथे कोण विचारायला उभा असणार, तू?" इरा आता कॉलेजात आहे, शनिवार-रविवार घरी येते. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, यू हॅव टु टेल हर."

सोमवारी सकाळी, मोइराच्या फ्लाइटआधी, मी वुलीच्या घरी गेलो. तो अंगणात पक्ष्यांना दाणे टाकत होता, खिडकीतून दिसत होता. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी तिला सांगितलं, की ते शेवटचं वाक्य नव्हतं. त्याने मला खरंच विचारलं होतं. बावीस वर्षांत वुलीच्या बाबतीत मी पहिल्यांदाच प्रश्न न विचारता वाक्य बोललो, आणि त्या वाक्याने त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा हशा त्याच्याकडून काढून घेतला.

मोइराने कप खाली ठेवला. "किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं."

"डॉक्टरकडे गेलात तेव्हाही?"

"तेव्हाही."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने इतकंच विचारलं, "तू त्याला सांभाळत होतास, की तुझा शो?" मी धंद्याने विचारणारा. उत्तरं देण्याची मला सवय नाही. हे उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.

आठवड्यात वुली अल्फारेटाला गेला. टोपी आणि काठी त्याने नेली, कागद मला दिले. इमिग्रेशनच्या प्रवेशाचं शेवटचं पान मी कितीदा उलटसुलट पाहिलं. माझ्या प्रश्नाखाली लिहिलंय, वुली बोलतो. बस.

या वसंतात मी त्याला भेटायला गेलो. मोइराने दार उघडलं, फार बोलली नाही, पण चहा ठेवला. विमानात मला डिकीतल्या डब्याची आठवण होत होती. प्रयोग नसताना असं कधी झालं नव्हतं. घरामागच्या काचेच्या खोलीत तो बसला होता, दाढी केलेली, किल्ट नाही, पण टोपी डोक्यावर. समोर जेवणाच्या टेबलाच्या चार रिकाम्या खुर्च्या. सुलभाकाकूंचे लाडू दिले. त्याने विचारलं, मी पाइपचं काम करायला आलोय का. मी म्हटलं, हो. मग पाऊस, चहा, पाइप, पुन्हा पाऊस. त्याच्या नजरेत मी कुठेच नव्हतो.

निघायच्या वेळी मला राहवलं नाही. मी उठलो, पाठ ताठ केली, हातात नसलेला शिक्का उचलला.

"मिस्टर ड्रायबरो, अमेरिकेत किती दिवस राहणार?"

तो सरळ बसला. हात टोपीकडे गेला, आणि या वेळी अडला नाही. टोपी निघाली. तोंड उघडलं. त्याने सवयीने समोर पाहिलं, चारही खुर्च्यांकडे, एकेक करून. मग माझ्याकडे झुकला, ओठांवर बोट ठेवलं, आणि डोळा मारला.

"तालमीत नाही, पोरा. आधी माणसं येऊ देत."